टॅबलेटसाठी प्रिंटर घ्यायचाय? आधी पानांचा हिशेब मांडा



गेल्या वर्षी दसरा आणि दिवाळी यांच्या मधल्या दिवसांतली गोष्ट. रविवारी सकाळी उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरी फुलंब्री तालुक्यातले एक जुन्या ओळखीचे शेतकरी आले. पिशवीत अद्रकीचे दोन कुजके कंद होते. कंदकुजीवर बोलणे झाले, चहा झाला, तरी भाऊ उठेनात. मी म्हटले, "आणखी काही आहे का मनात?" तेव्हा त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. कागदावर एका प्रिंटरचे नाव आणि पाच हजारांचा आकडा होता.

"साहेब, पोरगी म्हणती प्रिंटर पाहिजे. दुकानदार म्हणतो हाच सगळ्यात स्वस्त. पैसे हायेत, पण हरभऱ्याच्या बियाण्याला आन् खताला ठेवलेले. काय करावं?"

थोरली मुलगी दहावीला चांगल्या गुणांनी पास होऊन अकरावी विज्ञानाला गेलेली. महाज्योती, म्हणजे महात्मा ज्योतिबा फुले संशोधन व प्रशिक्षण संस्था, ही राज्य शासनाची नागपूरची संस्था आहे. इतर मागास, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना नीट, जेईई आणि सीईटीची तयारी ती ऑनलाइन करून देते आणि त्यासाठी टॅबलेट व इंटरनेटही देते. त्या प्रशिक्षणात मुलीची निवड झाली. टॅबलेट घरी आला, शिकवणी सुरू झाली. पण सगळ्या नोट्स आणि सराव-प्रश्न त्या काचेच्या पाटीवर. दिवसाकाठी चार-पाच तास पाहून डोळे चुरचुरतात. गणित तर कागदावर खुणा करत सोडवल्याशिवाय डोक्यात बसत नाही. प्रिंट काढायची तर तालुक्याला जावे लागते. एसटीचे भाडे, अर्धा दिवस आणि पानाला पाच रुपये.

मुलीची मागणी हौसेची नव्हती, गरजेची होती. पण बियाण्याच्या पैशाला हात लावायचा की नाही, हा प्रश्न भावनेने सोडवायचा नसतो, हिशेबाने सोडवायचा असतो. त्या दिवशी आम्ही ओट्यावर बसून वहीत जो हिशेब मांडला, तोच आज तुमच्यापुढे ठेवतो. टॅबलेट आता पुष्कळ शेतकरी घरांत आलेला आहे. आज ना उद्या हा प्रश्न तुमच्याही दारात येणार.

चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला

इंजिन घेताना आपण नुसती किंमत विचारत नाही. तासाला डिझेल किती पिते, हे आधी विचारतो. प्रिंटरचेही तसेच आहे. यंत्राची किंमत एकदाच मोजावी लागते, शाईचा खर्च मात्र जन्मभर मागे लागतो. घरगुती प्रिंटर मुख्यतः तीन जातींचे असतात.

पहिली जात कार्ट्रिजची. शाई छोट्या डबीत भरलेली असते. यंत्र सर्वांत स्वस्त, पण डबी लहान. काही नमुन्यांच्या काळ्या डबीतून जेमतेम शंभर-सव्वाशे पाने निघतात, आणि डबी संपली की नवी घ्यायची. समजा डबी ९०० रुपयांना पडली आणि १२० पाने निघाली, तर एका पानाची शाईच साडेसात रुपयांची झाली. कागद धरून आठ रुपये. म्हणजे तालुक्याच्या दुकानापेक्षा घरचे पान तीन रुपयांनी महाग, आणि वर यंत्राचे पाच हजार गेले ते वेगळेच! भाऊंच्या कागदावरचा प्रिंटर नेमका याच जातीचा होता.

दुसरी जात टाकीची, म्हणजे इंक टँकची. प्रिंटरला बाजूला किंवा पुढे चार पारदर्शक टाक्या असतात आणि त्यांत बाटलीतून शाई ओतायची. एप्सन, कॅनन, एचपी आणि ब्रदर या चारही कंपन्या असे प्रिंटर करतात. यंत्र महाग, शाई मात्र फार स्वस्त पडते. एक उदाहरण देतो. एप्सनची ००३ क्रमांकाची काळ्या शाईची ६५ मिलीलीटरची बाटली सुमारे ४,५०० पानांची म्हणून विकली जाते. मात्र कंपनीचे हे आकडे पानाचा अगदी थोडा भाग शाईने भरला आहे, असे धरून काढलेले असतात. फोटो, आकृत्या आणि रंगीत पट्टे असलेल्या पानाला शाई जास्त लागते. शिवाय पहिल्या वेळी भरलेल्या शाईतली बरीचशी नळ्या भरण्यातच जाते. म्हणून कंपनीचा आकडा आपण निम्माच धरावा. तरीही शाईचा खर्च पानाला वीस-पंचवीस पैशांपुढे सहसा जात नाही.

तिसरी जात लेसरची. हिच्यात ओली शाई नसते, कोरडी काळी पूड असते. तिला टोनर म्हणतात. अक्षर ठसठशीत येते, पाण्याच्या थेंबाने फुटत नाही, आणि मोठा गुण असा की महिना-दोन महिने यंत्र बंद राहिले तरी पूड वाळत नाही. दोष दोन. स्वस्त लेसर फक्त काळी छपाई करतो. आणि तो पूड कागदावर तापवून चिकटवतो, म्हणून वीज जास्त ओढतो. छापताना तीन-चारशे वॅट, आणि तापताना क्षणभर त्याहूनही बरीच जास्त. घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर तो लावू नये. याउलट शाईचा प्रिंटर छापताना एखाद्या एलईडी दिव्याएवढीच वीज घेतो. जिथे विजेचा भरवसा नाही तिथे ही गोष्ट मोठी आहे.

सारांश असा. रोज-आठवड्याला छपाई असेल आणि आकृत्या रंगीत लागत असतील, तर टाकीचा घ्या. कधीमधी आणि फक्त काळीच छपाई असेल, तर लेसर. कार्ट्रिजचा स्वस्त दिसतो म्हणून घेऊ नका.

आता पानांचा हिशेब

भाऊंना विचारले, महिन्याला पाने किती? मुलीला फोन लावून विचारले, तर निवडक नोट्स आणि सराव-संच धरून शंभर.

मग वहीत मांडले. वायरलेस टाकीचा प्रिंटर समजा १४,००० रुपयांना पडला. पाचशे कागदांचे रीम ३०० रुपयांना धरले तर कागद साठ पैशांचा. शाई आणि बारीकसारीक नासधूस धरून घरचे पान एक रुपयाला पडते. दुकानात पाच रुपये. म्हणजे एका पानामागे चार रुपये वाचले. शंभर पानांमागे महिन्याला चारशे. चौदा हजार वसूल व्हायला पस्तीस महिने लागणार. मुलीचे प्रशिक्षण दोन वर्षांचे, म्हणजे चोवीस महिने. तेवढ्यात वाचणार ९,६०० रुपये. एकट्या घराला प्रिंटर तोट्याचाच!

महिन्याला वीसच पाने लागणाऱ्या घराचा हिशेब तर विचारूच नका. त्यांना पैसे वसूल व्हायला चौदा वर्षांहून जास्त लागतील. तोवर यंत्र भंगारात गेलेले असेल.

पण हेच दोन घरांनी मिळून घेतले तर? दोनशे पाने, महिन्याला आठशेची बचत, साडेसतरा महिन्यांत वसूल. चार घरांनी घेतले तर नऊ महिन्यांच्या आत. तुमच्या गावातले दुकानाचे दर आणि यंत्राची किंमत घालून हाच हिशेब तुम्ही स्वतः करा. तालुक्याला जाण्याचे भाडे आणि बुडालेली मजुरीही त्यात धरा, कारण तो खर्च खराच असतो. पण बाजाराच्या दिवशी तुम्ही तसेही तालुक्याला जाणार असाल, तर ते भाडे प्रिंटरच्या नावावर मांडू नका. स्वतःलाच फसवण्यात अर्थ नाही.

तोपर्यंत बिल निम्मे करण्याची एक युक्ती सांगतो. प्रिंट देताना कागदाच्या एका बाजूवर दोन पाने छापण्याची सोय असते. कागदाच्या दोन्ही बाजू वापरल्या तर चारशे पानांच्या नोट्स शंभर कागदांवर बसतात. अक्षर थोडे बारीक येते, पण नोट्स वाचता येतात. दुकानदार बाजूप्रमाणे पैसे घेतो, म्हणजे बिल सरळ अर्ध्यावर येते.

बिनतारी म्हणजे काय, आणि घरात वायफाय नसेल तर?

टॅबलेटला संगणकासारखी मोठी यूएसबीची खोबण नसते. ओटीजी नावाची जोडवायर लावून काही प्रिंटर चालतात, पण सगळे चालत नाहीत. म्हणून टॅबलेटसाठी वायफायचा प्रिंटर घेणेच बरे.

इथेच पुष्कळ लोक फसतात. एकाच कंपनीचे दोन प्रिंटर दिसायला जुळ्या भावांसारखे असतात. एकात वायफाय असते, दुसऱ्यात नसते. एप्सनचा एल ३२१० फक्त वायरवर चालतो, एल ३२५० मध्ये वायफाय आहे. कॅननचा जी २०१० वायरचा, जी ३०१० वायफायचा. नमुने दर वर्षा-दोन वर्षांनी बदलतात, म्हणून आकडे पाठ करू नका. खोक्यावर वायफायचे चिन्ह आणि 'वायफाय डायरेक्ट' हे शब्द आहेत का, ते वाचून घ्या. हजार-दोन हजार वाचवायला वायरचा घ्याल आणि घरी जाऊन टॅबलेट त्याच्याकडे पाहत बसेल.

"पण साहेब, आमच्या घरी वायफायचा डबाच नाही," भाऊ म्हणाले. हरकत नाही. दोन वाटा आहेत.

पहिली वाट वायफाय डायरेक्टची. हिच्यात प्रिंटर स्वतःच एक छोटे जाळे तयार करतो आणि टॅबलेट थेट त्याला जोडला जातो. मध्ये डबा नको, इंटरनेटही नको. फक्त एवढे ध्यानात ठेवा की टॅबलेट प्रिंटरला जोडला असताना त्याचे वायफायवरचे इंटरनेट तुटते. म्हणून जे छापायचे ते आधी उतरवून घ्या, मग प्रिंटर जोडा.

दुसरी वाट मोबाइलच्या हॉटस्पॉटची. वडिलांच्या मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करायचा आणि टॅबलेट व प्रिंटर दोन्ही त्यालाच जोडायचे. दोघे एकाच जाळ्यात असले तरच एकमेकांना दिसतात. एक पाटाच्या पाण्यावर आणि दुसरा विहिरीवर असे चालत नाही. आणखी एक बारकावा आहे. बरेच स्वस्त प्रिंटर २.४ गिगाहर्ट्झचेच वायफाय ओळखतात, पण नव्या मोबाइलचा हॉटस्पॉट कधीकधी ५ गिगाहर्ट्झवर असतो. मग प्रिंटरला जाळे दिसतच नाही आणि आपण यंत्राला शिव्या देतो. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये जाऊन २.४ करा, काम होते.

टॅबलेटकडूनही थोडी तयारी हवी

अँड्रॉइडच्या आठव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, छपाईची सोय टॅबलेटमध्ये मुळातच आलेली आहे. सेटिंगमध्ये 'प्रिंटिंग' शोधून ती चालू आहे ना, ते पाहावे. मोप्रिया नावाची एक सामाईक पद्धत आहे. तिचे नाव खोक्यावर असेल तर निरनिराळ्या कंपन्यांचे टॅबलेट त्या प्रिंटरशी बोलू शकतात. ॲपलच्या टॅबलेटसाठी २०१० पासून एअरप्रिंट आहे. याशिवाय प्रत्येक कंपनीचे आपले ॲप असते, ते एकदा टाकून घेतले की शाई किती उरली तेही दिसते.

शिक्षणासाठी मिळालेल्या टॅबलेटवर काही वेळा देणाऱ्या संस्थेचे कुलूप असते आणि नवे ॲप टाकता येत नाही. तसे असेल तर कुलूप तोडण्याच्या फंदात पडू नका. फाइल वडिलांच्या मोबाइलवर पाठवा आणि तिथून छापा. प्रिंटरला टॅबलेट काय अन् मोबाइल काय, दोन्ही सारखेच.

छापताना फाइल पीडीएफ असावी. मराठी मजकूर साध्या वर्ड फाइलमधून छापला, तर अक्षराचा साचा टॅबलेटमध्ये नसल्यास काना-मात्रा भलतीकडे जाऊन बसतात. पीडीएफमध्ये साचा बहुधा सोबतच येतो. आणि पडद्याचा फोटो काढून तो छापू नका. अक्षर फिसकटते.

दुकानात गेल्यावर

बैल घेताना दात पाहतो, चालवून पाहतो. तसाच प्रिंटर घेताना स्वतःचा टॅबलेट सोबत न्या. ज्याच्यासाठी यंत्र घ्यायचे ते घरी ठेवून बाजाराला जाण्यात शहाणपण नाही. दुकानदाराला सांगा, आमच्या टॅबलेटवरून, वायफाय डायरेक्टवर, एक मराठी पीडीएफ छापून दाखवा. पान हातात पडले की मगच पैशाचे बोला.

मग हे विचारा. शाईची पूर्ण बाटली कितीला, आणि ती आपल्या तालुक्यात मिळते का? हमी किती दिवसांची? पुष्कळ ठिकाणी हमी वर्षाची किंवा ठरावीक पानांची असते आणि जे आधी संपेल ते धरतात. दुरुस्तीचे अधिकृत केंद्र जिल्ह्यात कुठे आहे? या प्रिंटरला सतत इंटरनेट किंवा कंपनीचे खाते लागते का? काही नमुन्यांना तसे लागते आणि कंपनीचीच शाई चालते. असा नमुना खेड्यात गैरसोयीचा. नळ्या धुतलेली शाई ज्या स्पंजात साठते तो भरला की यंत्र थांबते. तो घरी बदलता येतो का, हेही विचारा. पक्के बिल घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नका.

जुना प्रिंटर घेत असाल तर दोन गोष्टी पाहा. 'गूगल क्लाउड प्रिंट चालते' एवढेच कोणी सांगत असेल तर ते ऐकू नका. ती सेवा ३१ डिसेंबर २०२० ला कायमची बंद झाली. आणि टाकीचा जुना प्रिंटर किती दिवस बंद पडून होता ते विचारा. शाई वाळलेली असेल तर स्वस्त मिळालेला प्रिंटर डोईजड होतो.

आमच्याच घरची फजिती

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. नोकरीला लागलो तेव्हा आमच्या कचेरीत टंकयंत्र आणि सायक्लोस्टाइल होते. बोंडअळीची माहितीपत्रके काढताना कोपरापर्यंत हात काळे व्हायचे. त्यामुळे घरी टाकीचा प्रिंटर आला तेव्हा मला कोण कौतुक! मार्चच्या शेवटी तो खिडकीपाशी ठेवला आणि दोन महिने कुणी हात लावला नाही. मराठवाड्याचा उन्हाळा, खिडकीतून झळा. जूनमध्ये पुतण्याच्या प्रवेशाचा अर्ज छापायला बसलो तर पानावर नुसत्या फिक्या रेघा. सफाई करून करून अर्धी शाई संपवली, तरी काळा रंग आलाच नाही. शाई सोडणारे डोके वाळले होते. दुरुस्तीचा अंदाज नव्या यंत्राच्या निम्म्या किमतीचा निघाला. दोष यंत्राचा नव्हता, माझा होता.

तेव्हापासून पाळतो ते नियम सांगतो.

आठवड्यातून एकदा चार रंगांचे एक तरी पान छापावे. प्रिंटर बंद करताना त्याचेच बटण दाबावे, भिंतीवरचा खटका थेट पाडू नये. बटणाने बंद केला तर डोके आपल्या जागी जाऊन झाकले जाते. नाहीतर उघडे राहते आणि वाळते. वीज येते-जाते तिथे काम झाले की लगेच बंद करावा. ऊन, चूल आणि कूलरचा ओलावा यांपासून लांब ठेवावा. मळणीच्या दिवसांत तर अंगणातला भुस्कट घरभर होतो, तेव्हा स्वच्छ सुती फडके झाकावे. पावसाळ्यात कागद दमट होऊन अडकतो. रीम पिशवीत घट्ट बांधून ठेवावे, लागतील तेवढेच कागद काढावेत आणि पत्त्यांसारखे पिसून घालावेत. टाकीतली शाई खालच्या खुणेच्या खाली जाऊ देऊ नये. आणि एकदा शाई भरली की प्रिंटर मोटारसायकलवरून हिंडवू नये. आडवा-तिरपा झाला की शाई आत सांडते. दुकानातून आणताना तो खोक्यात, कोराच आणावा आणि शाई घरी, सपाट जागेवर ठेवून भरावी.

घरचे कागद, घरचा सावधपणा

प्रिंटर घरात आला की सातबारा घरीच काढू असे वाटते. जरूर काढा, पण फरक समजून घ्या. संकेतस्थळावर फुकट दिसणारा सातबारा फक्त माहितीसाठी असतो. तो छापून बँकेत नेला तर परत पाठवतील. १५ रुपये भरून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळतो, तो कामाचा. त्याच्यावर पडताळणीचा क्रमांक आणि चौकोनी ठिपक्यांचा क्यूआर कोड असतो. तो स्वच्छ छापला गेला पाहिजे. शाई फिकी असताना असले कागद काढू नयेत.

ई-आधारची फाइल उघडताना परवलीचा शब्द मागते. नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरे आणि जन्माचे वर्ष, असा तो आठ अक्षरांचा असतो.

आणि दुकानातूनच प्रिंट काढत असाल तर एवढे करा. आपण आधार, पासबुक आणि सातबारा बिनदिक्कत दुकानदाराच्या मोबाइलवर पाठवून देतो आणि पान घेऊन चालू लागतो. फाइल तिथेच राहते. काम झाल्यावर समोर उभे राहून ती पुसायला सांगा. संकोच करू नका. आधारच्या झेरॉक्सवर ती कशासाठी दिली ते आणि तारीख लिहून सही करावी, म्हणजे तोच कागद दुसरीकडे वापरणे अवघड जाते.

पुढे काय झाले

त्या रविवारी भाऊ प्रिंटर न घेताच गेले. हरभऱ्याचे बी वेळेवर आले, पेरणी झाली. आमच्या उस्मानपुऱ्यात तंत्रनिकेतन आणि अभियांत्रिकी महाविद्यालय असल्याने झेरॉक्सची दुकाने पावलोपावली आहेत. महिन्यातून एकदा ते बाजाराला आले की मुलीच्या नोट्स, एका बाजूवर दोन पाने अशा, इथूनच छापून नेत. मुलीने नाराजी दाखवली नाही. पण परीक्षा जवळ आली तशी महिन्याची वाट पाहणे जड जाऊ लागले, हे खरे.

संक्रांतीनंतर गावातल्या आणखी तीन घरांतल्या मुलांना प्रिंटची गरज निघाली. मुलीनेच पुढाकार घेतला. वहीतला आमचा हिशेब तिने चारही घरी वाचून दाखवला. प्रत्येकी साडेतीन हजार काढून त्यांनी वायफायचा टाकीचा प्रिंटर घेतला. नेण्यापूर्वी टॅबलेट जोडून मराठी पान छापून पाहिले. यंत्र तिच्या घरी आहे. एका वहीत कुणी किती पाने छापली ते ती लिहिते, आणि पानामागे सव्वा रुपया शाई-कागदासाठी डब्यात पडतो. दर रविवारी एक रंगीत पान छापायचे काम धाकट्या भावाकडे दिले आहे.

परवा भाऊ भेटले. म्हणाले, "साहेब, पोरगी आता पेरणीचाबी हिशेब वहीत मांडाया लावती. एकराला किती बी पडलं, किती खत पडलं, समदं विचारती."

मी म्हटले, "मग प्रिंटर वसूल झाला म्हणायचा."

तुमच्या घरी प्रिंटर असेल तर तो कसा चालतो, पान कितीला पडते, ते अवश्य लिहून कळवा. दुसऱ्याच्या अनुभवातून शिकणे स्वस्त पडते. पुढच्या वेळी अद्रकीच्या बेण्याची निवड आणि बेणेप्रक्रिया यांवर बोलू. कुजका कंद पिशवीत घेऊन यायची वेळ कुणावर येऊ नये.